तुम्ही विचारलंत म्हणून : किती पट मोठं दिसतं?

गच्चीवर दुर्बीण मांडली की पहिला प्रश्न ठरलेला, "काका, किती पट मोठं दिसतं हो हिच्यातून?" मी म्हणतो, "आठ इंची आहे." समोरच्याचा चेहरा पडतो. पट विचारली, तर हा इंच सांगतोय!

पण उत्तर तेच आहे. पावसात वाटी ठेवली काय आणि घमेलं ठेवलं काय, पाणी सारखं जमेल का? अंधारात डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. माझ्या दुर्बिणीचा उजेड गोळा करणारा आरसा आठ इंची, म्हणजे २०३ मिलिमीटरचा, म्हणून उजेड आठशे पटींहून जास्त. मोठं दिसण्याचा आकडा तर नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचं छोटं भिंग, बदलली की बदलतो. आरशापासून प्रतिमा जिथे जुळते तिथपर्यंतचं, म्हणजे नाभीय, अंतर १२०० मिलिमीटर; त्याला २५ मिलिमीटरची नेत्रिका लावा, ४८ पट. १०ची लावा, १२० पट.

शनीचंच बघा ना. १६१० साली गॅलिलिओनं वीसेक पटींच्या दुर्बिणीतून तो पाहिला, तर दोन्ही बाजूंना दोन गोळे चिकटल्यासारखे दिसले. १६१२मध्ये तेही गायब! शनीनं आपली पोरं गिळली की काय, असं त्यानं पत्रात लिहिलं. बिचारा. शनीभोवतीचं कडं तेव्हा आपल्याकडे धार करून होतं, त्यामुळे दिसेना. (२०२५च्या मार्चमध्येही तसंच झालं होतं.) पुढे हायगेन्स या डच शास्त्रज्ञानं भावाच्या मदतीनं स्वतः भिंगं घासली आणि १६५९ साली छापून सांगितलं, हे शनीला कुठेही न टेकणारं पातळ कडं आहे. त्याची दुर्बीण जेमतेम पन्नास पटींची. भिंग मात्र चोख.

भिंगाच्या दुर्बिणीत ताऱ्यांना रंगीत कडा यायच्या. त्या कमी करायला लोक नळ्या लांबवत गेले. डान्झिगच्या हेवेलियस या खगोलशास्त्रज्ञाची तर ४५ मीटरवर गेली. वारा सुटला की हलायची. न्यूटननं १६६८मध्ये भिंगाऐवजी आरसा लावला. माझी दुर्बीण त्याच वंशातली.

एकदा खालच्या मजल्यावरचे गृहस्थ मुलासाठी आणलेली ६० मिलिमीटरची दुर्बीण घेऊन वर आले. खोक्यावर ठळक '५२५ पट'. ७०० मिलिमीटरची नळी, ४ची नेत्रिका आणि वर तीन पटींचं बार्लो भिंग, म्हणजे नेत्रिकेची पट आणखी वाढवणारं जोडभिंग, हिशेब बरोबर होता. शनीच्या जागी दिसत होता एक थरथरणारा पिवळा डाग. मी बार्लो काढलं, २५ची नेत्रिका लावली. २८ पट. पोरगं बराच वेळ डोळा हलवेना. मग म्हणालं, "बाबा, कडं!"

ते बार्लो त्यांनी परत नेलंच नाही. माझ्या खणात अशी आता तीन झालीत.