काचेतली वाइन आणि खोक्यातली वाइन

दिवाणखान्यातली सोफ्यामागची अख्खी भिंत वाइनची करायची, असा ज्यांच्या घराचं इंटिरिअर मी करत होतो त्या साहेबांचा हट्ट होता. फरशीपासून छतापर्यंत एकसंध काच, आत पितळी खुंट्यांवर आडव्या बाटल्या, लेबलं पुढे आणि त्यांच्यामागे आतून उजळलेला ओनिक्सचा पारभासक दगड. समोरच पश्चिमेची मोठी खिडकी. दिसायला ते फार देखणं झालं असतं, हे मी आजही म्हणेन. पण त्या बाटल्या नुसत्या शोभेच्या नव्हत्या. काही तर आणखी दहा वर्षांनी उघडायच्या म्हणून घेतलेल्या होत्या, आणि हेच माझं दुखणं होतं.

त्या दिवशी आम्ही जमलो होतो ते फक्त खुंट्यांचं माप पक्कं करायला. मिस्त्रींनी नमुन्याला बाटली मागितली, मी मुद्दाम शॅम्पेनची दिली. बोर्दोची बाटली साडेसात सेंटीमीटरच्या आसपास असते, बर्गंडीची जरा पोट सुटलेली आणि शॅम्पेनची नऊच्या घरात. सडपातळ बाटली धरून माप घेतलं की बाकीच्या बसत नाहीत. मिस्त्रींनी ती हातात तोलून पाहिली आणि लगेच विचारलं, "मागे काय आहे?" प्रश्न अगदी मोक्याचा. भरलेली शॅम्पेनची बाटली दीड किलोच्या वर जाते, बाकीच्या सव्वा किलोच्या मागेपुढे. दीडशे बाटल्या म्हणजे दोनशे किलो. जिप्समच्या भिंतीत स्क्रू मारून एवढं वजन टांगायचं नसतं, मागे लोखंडी फ्रेम हवीच.

एवढ्यात साहेबांनी क्रिस्टल नावाच्या शॅम्पेनची बाटली पुढे केली. "हिच्यावरचा पिवळा कागद काढून टाकू. बाटलीचं रूप झाकलं जातं."

"साहेब, तो कागद शोभेचा नाही," मी म्हटलं.

ही शॅम्पेन लुई रोडरर या फ्रेंच कंपनीनं 1876 मध्ये रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याच्यासाठी काढली, पारदर्शक बाटलीत. पारदर्शक काचेतून प्रकाश सरळ वाइनपर्यंत पोचतो, म्हणून आजही तिला तो पिवळा सेलोफेन गुंडाळतात. वाइनमध्ये रायबोफ्लेविन असतं, म्हणजे ब-2 जीवनसत्त्व. अतिनील आणि निळा प्रकाश, साधारण 370 ते 450 नॅनोमीटरच्या पट्ट्यातला, ते शोषून घेतं आणि त्यातून गंधकाची दुर्गंधी संयुगं तयार होतात. पांढऱ्या आणि फसफसत्या वाइनला हा त्रास सगळ्यात जास्त. लाल वाइनला तिच्यातले टॅनिन थोडंफार सांभाळून घेतात.

साहेब हसले. "अहो, आता एलईडी आले. त्यात कुठे अतिनील?"

अतिनील जवळपास नसतंच, खरं आहे. पण पांढऱ्या एलईडीचा निळा कळस नेमका 450 च्या आसपास असतो. मी हे सांगितलं आणि ते त्यांना मुळीच पटलं नाही. वाद संपवला तो मॅडमनी. जुन्या घरात हॅलोजन लावलेलं एक शोकेस होतं. त्यातली एक फसफसती पांढरी आणि त्याच खरेदीतली, कोठीत खोक्यातच राहिलेली दुसरी, अशा दोन बाटल्या सामानात निघाल्या. "दोन्ही उघडा," त्या म्हणाल्या, "नाहीतर तुम्ही दोघं संध्याकाळपर्यंत असेच बोलत बसाल."

खोक्यातली आधी ओतली. बारीक बुडबुडे, स्वच्छ वास, काही म्हणायला जागा नाही. मग शोकेसमधली. रंगात मला फारसा फरक दिसला नाही. साहेबांनी ग्लास नाकाशी नेला, खाली घेतला, पुन्हा नेला. उकडलेल्या कोबीचा आणि ओल्या लोकरीचा वास येत होता, हातभर लांब उभ्या मिस्त्रींनाही. "ही बिघडलेलीच आली असणार," साहेब म्हणाले खरे, पण आवाजात जोर नव्हता. शोकेसमधल्याच एका लाल बाटलीवर त्यांनी शेवटचा डाव लावला. ती वर्षानुवर्षं दिव्याखाली उभी होती. बूच ओपनरला धरेना, त्याचा भुगा झाला. बाटली आडवी असली की बूच आतून ओलं राहतं आणि फुगून घट्ट बसतं. उभ्या बाटलीत ते सुकून आकसतं, हवा आत शिरते. ती वाइन कोणी चाखलीच नाही.

त्यानंतर कामाची बोलणी भराभर झाली. मूळ साठा जिन्याखालच्या बंदिस्त जागेत गेला. तिथे भिंतींना बाष्परोधक थर, त्यावर पफचं, म्हणजे पॉलियुरेथेन फोमचं इन्सुलेशन, तापमान 13 अंश, आर्द्रता 60 ते 70 टक्के. कॉम्प्रेसर बाहेर, म्हणजे बाटल्यांना थरथर नको आणि माणसांना घरघर नको. दार दुहेरी काचेचं, मधली पोकळी सीलबंद. एकेरी काच का नको, हेही सांगावं लागलं: दमट दिवशी खोलीत 28 अंश तापमान आणि 75 टक्के आर्द्रता असेल, तर सुमारे 23 अंशांनाच दव धरतं. आत 13 अंश असताना एकेरी काच त्याहून गारच राहणार. म्हणजे पाणी ओघळणार आणि खालची लाकडी फरशी फुगणार. देखण्या घरांमध्ये वाइनआधी फरशीच खराब झालेली मी जास्त पाहिली आहे.

सोफ्यामागच्या भिंतीवर खुंट्या आल्याच, पण रिकाम्या मॅग्नमसाठी, म्हणजे दुप्पट मापाच्या बाटल्यांसाठी, आणि त्या महिन्यात प्यायच्या बाटल्यांसाठी. ओनिक्समागचे दिवे मी रद्द केले. वरून 2700 केल्विनचे मंद दिवे सोडले, तेही बाटल्यांवर नाही, भिंतीवर. क्रिस्टल पिवळ्या कागदासकट जिन्याखाली गेली.

साहेबांनी एकच गोष्ट सोडली नाही: पाहुणे आले की जिन्याखालचा दिवा लागलाच पाहिजे. म्हणून तिथे टायमर बसवला, अर्ध्या तासाचा. हँडओव्हरनंतर किरकोळ दुरुस्तीला गेलो, तेव्हा तो दहा मिनिटांवर आणलेला होता. मॅडमनी. साहेबांना अजून वाटतं, टायमरच खराब आहे. तो बदलून द्या म्हणून त्यांचा मला परवाही फोन आला होता.