फुली मारली म्हणजे गेला असं नाही

कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केलं की खिडकी जाते. प्रोग्रॅम जाईलच याची खात्री नाही. जावाच्या स्विंगमध्ये, म्हणजे खिडक्या-बटणं बनवायच्या संचात, लिहिलेला छोटासा हिशेबाचा प्रोग्रॅम बंद करून टास्क मॅनेजर उघडावा, तर जावाची प्रोसेस तिथे मेमरी अडवून बसलेली. शटर खाली ओढलंय, पण आत दिवे-पंखे चालू, अशातली गत.

यात बिघाड काहीच नाही. जेफ्रेम म्हणजे स्विंगची मुख्य खिडकी. त्याला वेगळं काही सांगितलं नसेल तर फुली मारल्यावर तो खिडकी नुसती लपवतो. डीफॉल्टचं नावच मुळी ‘हाइड ऑन क्लोज’. त्यावर सगळीकडे सांगितला जाणारा उतारा म्हणजे ‘एक्झिट ऑन क्लोज’. एका ओळीचं काम, पण उतारा जालीम आहे. तो थेट सिस्टिम डॉट एक्झिट करतो, म्हणजे अख्खी प्रोसेस तिथल्या तिथे संपवतो. दुसरा थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारं काम, फाइल लिहीत असेल तर ती अर्धवट राहते, आणि ‘मदत’ची इवलीशी खिडकी मिटवायला जावं तर अख्खा प्रोग्रॅमच गुल होतो.

त्यापेक्षा ‘डिस्पोज ऑन क्लोज’ सभ्य. तो खिडकी लपवत नाही, मोडीत काढतो. शेवटची खिडकी डिस्पोज झाली की क्लिक वगैरे हाताळणारा स्विंगचा इव्हेंट थ्रेड आपोआप संपतो आणि दुसरं कुणी जागं नसेल तर जावा मुकाट्याने आवरतं घेतं. पण जागं कुणीतरी असतंच! अशा वेळी अंदाज बांधत बसू नये. प्रोसेसचा क्रमांक देऊन जेस्टॅक हे थ्रेडची यादी दाखवणारं जावाचं साधन चालवावं आणि ज्यांच्यापुढे ‘डीमन’ लिहिलेलं नाही ते थ्रेड बघावेत; डीमन थ्रेड जावाला अडवून धरत नाहीत. ‘पूल-१-थ्रेड-१’ दिसला तर एक्झिक्युटरला, म्हणजे थ्रेडना कामं वाटणाऱ्याला, शटडाउन सांगायचं राहिलंय. ‘टायमर-०’ असेल तर टायमर कॅन्सल करायला हवा. ‘एडब्ल्यूटी-इव्हेंटक्यू-०’ हा इव्हेंट थ्रेड अजून तिथेच असेल तर बहुधा एखादी खिडकी नुसतीच लपलेली आहे.

‘बदल सेव्ह करायचे का?’ हे विचारायचं असेल तेव्हा हमखास घोळ होतो. विंडो-क्लोजिंगमध्ये, म्हणजे फुली मारताच येणाऱ्या घटनेत, प्रश्न टाकतात, वापरणारा ‘रद्द’ म्हणतो, तरी प्रोग्रॅम बंद होतो. कारण लिसनरचं, म्हणजे ती घटना ऐकणाऱ्या कोडचं, काम उरकलं की डीफॉल्ट कृती होतेच, उत्तर काही का असेना. आधी ‘डू नथिंग ऑन क्लोज’ ठेवायचं आणि होकार मिळाला तरच आपल्या हाताने डिस्पोज करायचं. आवराआवर विंडो-क्लोज्डमध्ये लिहिणंही तसं बेभरवशाचं. ती घटना डिस्पोज झाल्यावरच येते, ‘एक्झिट ऑन क्लोज’ असेल तर येतच नाही.

मॅकवर खिडकी मिटली तरी बरेच प्रोग्रॅम मुद्दामच चालू राहतात, तो तिथला रिवाज.

आणि मेनूतलं ‘बाहेर पडा’ तपासायला विसरू नये. तिथे बहुतेकदा थेट एक्झिट लिहून ठेवलेलं असतं, म्हणजे सेव्हचा प्रश्न विचारलाच जात नाही. त्यापेक्षा तिथूनही खिडकीला विंडो-क्लोजिंगची घटना पाठवावी, की फुली आणि मेनू दोघांची वाट एकच होते.