रविवारची पाच गाणी आणि तिसऱ्या बाकावरच्या आजी

हार्मोनियम, तबला आणि मोकळे गळे एवढ्यावर आमच्या चर्चची मराठी मंडळी, म्हणजे उपासनेला जमणारी माणसं, वर्षानुवर्षं गात आली. मग गिटार, कीबोर्ड, बेस गिटार आणि कहोन (वर बसून हातांनी वाजवायचा लाकडी खोका) आले, आणि टीम चालवायचं काम माझ्याकडे आलं. हॉल साधा आहे: सिमेंटच्या भिंती, वर पत्रा, दीडशे माणसं. बँड बरा वाजला की नाही हे मी एकाच गोष्टीवरून ठरवतो. तिसऱ्या बाकावरच्या आजी गातायत का? त्या गप्प झाल्या की आमचं काहीतरी चुकलंय असं धरायचं, आणि शोध पट्टीपासून (गाण्याचा सा ज्या उंचीवर धरतो ती) सुरू करायचा.

यूट्यूबवरचं गाणं मूळ पट्टीतच घेणं ही नव्या टीमची हमखास चूक. ध्वनिमुद्रणात गाणाऱ्याचा गळा तयार असतो, उंच असतो. मंडळीचा गळा खालच्या पांढरी सहापासून वरच्या पांढरी दोनपर्यंत आरामात फिरतो (हार्मोनियमच्या पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या ‘सी’पासून वेगवेगळ्या मोजून ही नावं पडली: पांढरी एक म्हणजे सी, पांढरी दोन म्हणजे डी). वरच्या पांढरी तीनला एखादा सूर टेकून आला तर चालतं, तिथे मुक्काम नको. म्हणून मी आधी गाण्यातला सगळ्यांत उंच स्वर शोधतो आणि तो पांढरी दोनवर बसवतो. पट्टी त्यावरून आपोआप ठरते. उंच स्वर पंचम असेल तर सा पांढरी पाच. वरचा गंधार असेल तर सा काळी पाच. गिटारवाल्याला काळी पाच नको असते, पण तिसऱ्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावला की तो पांढरी पाचच्याच आकारांत वाजवतो. खरी पंचाईत होते ती कडवं खाली पुटपुटून ध्रुवपद एक सप्तक वर उडवणाऱ्या गाण्यांची. ती कुठल्याच पट्टीत बसत नाहीत. तिथे ध्रुवपद खालच्याच सप्तकात ठेवायचं आणि जोर वाद्यांनी वाढवायचा.

पट्टीचा दुसरा धनी तबला. गिटार, कीबोर्डची पोरं हे विसरतात. कीबोर्डवर बटण दाबलं की पट्टी बदलते. तबला दोन गाण्यांच्या मधल्या वीस सेकंदांत नव्याने लागत नाही. आम्ही काढलेला तोडगा असा: दायाँ (उजव्या हाताचा तबला) पांढरी दोनला लावून ठेवायचा. गाणं पांढरी दोनमध्ये असेल तर तो षड्जात बोलतो, पांढरी पाचमध्ये असेल तर पंचमात आणि पांढरी सहामध्ये असेल तर मध्यमात. एका लावणीत तीन पट्ट्या निघतात, आणि रविवारची पाचही गाणी बहुधा या तिघींत बसतात. काळी पाचचं गाणं असेलच तर ते कहोनवर. तबला आणि कहोन एकाच गाण्यात पूर्ण ताकदीने नकोत. डग्ग्याचा घुमार आणि कहोनचा ठोका एकमेकांत मिसळून नुसता चिखल होतो.

कीबोर्डच्या ट्रान्सपोजविषयी, म्हणजे पट्टी बदलणाऱ्या त्या बटणाविषयी, एकच नियम आहे. गाणं संपलं की हाताने शून्यावर आणायचं, आणि पुढच्या गाण्याचा आकडा कागदावर मोठा लिहिलेला हवा. विसरलं की पहिल्याच कॉर्डला (एकत्र वाजवलेल्या सुरांना) दोन पट्ट्या एकत्र वाजतात, आणि चूक कुणाची हे शोधेपर्यंत एक कडवं गेलेलं असतं.

हार्मोनियमवाल्या काकांना इंग्रजी कॉर्डची नावं पाठ करायला लावण्यात मी वेळ घालवला नाही. कॉर्डची चाल सा–प–ध–म अशी लिहितो, म्हणजे त्या त्या स्वरावर उभा राहणारा कॉर्ड. पट्टी कोणतीही असो, कागद तोच राहतो. गिटारवाला पांढरी दोनमध्ये डी, ए, बी मायनर, जी वाजवतो आणि काका तेच सुरांत वाचतात.

जुनं भजन बँडवर घेताना हात आवरावा लागतो. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची (१८६१–१९१९) भजनं आमच्या आजींना तोंडपाठ आहेत. त्यांच्या चालीत कोमल स्वर असतील आणि खाली गिटारने सरळ मेजर कॉर्ड धरला, तर गाणाऱ्याचा गळा कॉर्डच्या मागे ओढला जातो आणि चालच बदलते. भैरवीच्या अंगाने म्हटल्या जाणाऱ्या भजनाखाली मी गिटारला फक्त सा आणि प धरायला सांगतो, गंधार गाळून. कीबोर्ड तानपुऱ्यासारखा मागे. बेस सा सोडून हलत नाही. भजनाचा वेग हार्मोनियमच ठरवणार, क्लिक (ठरलेल्या वेगाचे ठोके देणारा मेट्रोनोम) बंद.

आता शब्द. इंग्रजी गाण्यांची मराठी रूपांतरं आमच्याकडे भरपूर येतात आणि त्यांतली निम्मी मी परत पाठवतो. लांब सुरावर ऱ्हस्व अक्षर आलं की ते दीर्घ होतंच, त्याला इलाज नाही. त्यामुळे ‘दिन’ ताणला की ‘दीन’ होतो आणि ‘देवाचा सुत’ म्हणता म्हणता देवाचं सूत निघतं. लांब सुरावर तोंड उघडं राहील असा शब्द हवा: देवा, राजा, तारणारा. ‘ख्रिस्त’ तिथे आला की शेवटच्या जोडाक्षरावर तोंड मिटतं आणि सूर तुटतो. ‘ख्रिस्ता’ अशी हाक करून घेतली तर सुटका होते. इंग्रजी ओळ बहुतेकदा ठसठशीत एका अक्षरावर संपते. मराठी शब्दाच्या शेवटी असतो प्रत्यय, म्हणून समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) ‘ने’ किंवा ‘ला’ आदळतो आणि कानाला खुपतो. अशी ओळ उलटी फिरवून नाम शेवटी आणायचं.

लिंगाचा घोटाळा यापेक्षा मोठा आहे. मूळ इंग्रजी ओळीत क्रियापदाला लिंग नसतं. मराठीत पुरुषाने ‘मी शरण आलो’ लिहिलं की सगळ्या बाया ‘आलो’ म्हणून गातात, किंवा ‘आले’ म्हणतात आणि यमक मोडतं. भविष्यकाळ घेतला की प्रश्न मिटतो: मी गाईन, मी स्तवीन. ‘मी पाहिले तुझे प्रेम’ हेही सगळ्यांना चालतं. नाहीतर सरळ ‘आम्ही आलो’. मंडळीसाठी तेच मला जास्त बरं वाटतं.

हक्कांचंही बघून घ्यावं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणं सादर करायला मोकळीक देतं. पण भाषांतर करणं, पुस्तिका छापणं आणि उपासनेचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकणं म्हणजे सादरीकरण नव्हे. त्यासाठी गीतकाराची किंवा प्रकाशकाची परवानगी मागावी. थेट प्रक्षेपणात परवानगी नसलेलं गाणं आलं की आम्ही प्रक्षेपण प्रार्थनेपासून सुरू करतो.

आठवडा असा चालतो. पाळकसाहेब सोमवारी रात्री शास्त्रपाठ कळवतात. मंगळवारी यादी व्हॉट्सॲपवर जाते: गाणं, पट्टी, वेग, कडव्यांचा क्रम आणि आमच्याच पट्टीत मोबाइलवर केलेलं ध्वनिमुद्रण. मूळ व्हिडिओची लिंक पाठवली तर मुलं मूळ पट्टीच पाठ करून येतात. पाच गाण्यांत एक जुनं, एक मुलांनाही येणारं, आणि नवं असेल तर एकच. नवं गाणं आम्ही महिन्यातून एकदाच काढतो. पहिल्या रविवारी उपासनेआधी नुसतं ध्रुवपद शिकवतो, पुढचे तीन रविवार ते गाणं ठेवतो, मग एक महिना विश्रांती. विश्रांतीनंतर मंडळीने ते आपणहून उचललं तरच ते वहीत पक्कं होतं.

गुरुवारी दीड तास सराव. गाणी घरी पाठ करून यायची, हे पहिल्या दिवशीच सांगावं लागतं. पहिली पंधरा मिनिटं वाद्यं बंद, फक्त शब्द आणि सूर. नंतर प्रत्येक गाण्याची सुरुवात आणि शेवट, कारण मधला भाग सहसा कोसळत नाही. कोसळतात ते जोड. पांढरी दोनवरून पांढरी पाचवर जाणं सोपं, पहिल्याचा शेवटचा कॉर्ड धरून ठेवला की पुढचं गाणं त्यातूनच उगवतं. पांढरी पाचवरून पांढरी सहावर जाताना मध्ये पांढरी तीनचा कॉर्ड चार मात्रा वाजवतो. केहरवा तालात सगळेच पळतात. मिनिटाला ७२ ठोक्यांनी सुरू झालेलं गाणं तिसऱ्या कडव्याला ८० वर पोचतं, म्हणून क्लिक निदान सरावात तरी लावावी. खुणा ठरलेल्या हव्यात: मूठ म्हणजे थांबा, बोट फिरवलं की पुन्हा ध्रुवपद, जितकी बोटं तितकं कडवं, तळहात खाली म्हणजे वाद्यं हळू. कीबोर्डवाल्याने डावा हात मांडीवर ठेवायचा. खालच्या सुरांना बेस आहे.

रविवारी उपासना साडेनवाला, आम्ही साडेसातला. आधी वीज. मिक्सर, कीबोर्ड, ॲम्प आणि स्पीकर एकाच बोर्डावरून घेतले तर गुणगुण बहुतेक येतच नाही. ती आली म्हणून कुणी प्लगची अर्थिंगची पिन काढायला निघालं तर हात धरावा. गुणगुणीला डीआय बॉक्सवरचं (वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या डबीवरचं) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, शॉकला काही नसतं. वीज गेल्यावर साध्या इन्व्हर्टरवर कीबोर्ड आणि मिक्सर कुरकुरतात. साइन वेव्हचा (घरच्या विजेसारखी वीज देणारा) इन्व्हर्टर घ्यायला कमिटीला दोन वर्षं लागली, तोवर वीज गेली की आम्ही तबला-पेटीवर यायचो. आजींच्या मते तेच बरं होतं.

माइक जितके उघडे, तितकी शिट्टी (स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरून होणारी) जवळ. उघड्या माइकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधीची मुभा ३ डेसिबलने घटते. म्हणून सहा गाणाऱ्यांना सहा माइक मी देत नाही: मुख्य आवाजाला एक, सोबतीला दोन, बाकीचे मंडळीत बसून गातात, आणि तिथेच त्यांचा जास्त उपयोग होतो. माइक ओठांपासून दोन बोटं. अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलने वाढतो, मग गेन (मिक्सरवर माइकचा आवाज उचलायचं प्रमाण) कमी ठेवता येतो. जाळी मुठीत धरायची नाही. धरली की माइक मागूनही ऐकायला लागतो. मॉनिटर (गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) साध्या कार्डिऑइड, म्हणजे मागचं न ऐकणाऱ्या, माइकच्या बरोबर मागे ठेवायचा, सुपरकार्डिऑइड (मागचंही थोडं ऐकणारा) असेल तर जरा बाजूला. गळ्याच्या प्रत्येक चॅनेलला १०० हर्ट्झच्या खालचं कापायचं.

‘मला मीच ऐकू येत नाही’ हे वाक्य दर रविवारी येतं. त्यावर त्याचा आवाज वाढवायचा नाही, त्याच्या मॉनिटरमधलं बाकीचं कमी करायचं. वाढवत गेलं की दहा मिनिटांत सगळे मॉनिटर हॉलच्या स्पीकरइतके ओरडतात, आणि पत्र्याखाली तो सगळा आवाज फिरून मंडळीच्या डोक्यावर येतो. मधल्या बाकावर मोबाइलचं मीटर ठेवून ८० ते ८५ डेसिबल राखतो. मोबाइलचं मीटर काटेकोर नसतं, पण आज मागच्या रविवारपेक्षा जास्त झालं का, एवढं कळतं. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या उपासनेला बाहेर मंडप असेल तर परवानगी आधी काढावी लागते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद असतो.

पडद्यावरचे शब्द युनिकोडमध्येच टाइप करावेत. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर उघडली की स्तुतीच्या जागी चिन्हांची रांगोळी दिसते. पडद्यावर शब्द दाखवणारं ओपनएलपी हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि देवनागरी नीट दाखवतं. एका स्लाइडवर चारच ओळी, काळ्यावर पांढरं, मागे डोंगर-सूर्यास्त नको. स्लाइड बदलायची ती शेवटची ओळ संपायच्या एक शब्द आधी. संपल्यावर बदलली की दीडशे माणसं एक मात्रा उशिरा उचलतात आणि दोष तबल्याला जातो. त्यामुळे लॅपटॉपवर गाणी येणारं माणूस लागतं. नुसतं कॉम्प्युटर येणारं चालत नाही.

प्रभुभोजनाच्या रविवारी हिशेब वेगळा. एका वेळी बारा जण पुढे येतात, दीडशे माणसांना तेरा फेऱ्या, फेरीला मिनिट ते दीड मिनिट. म्हणजे तेरा ते वीस मिनिटं संगीत हवं, आणि नेमकं किती ते आधी कळत नाही. चार मिनिटांची गाणी मोजून नेली तर शेवटचे दोन बाक शांततेत चालत येतात. एकाच पट्टीतली तीन संथ गाणी घेतो, मध्ये ध्रुवपदाची नुसती चाल वाजत राहते, आणि शेवटची फेरी उठली की मूठ दाखवतो. या भागात कहोन नाही. वाद्यंही एकेक करून थांबवतो. शेवटी पेटी एकटी राहते.

उपासना संपली की केबल गुंडाळायच्या आधी वहीत नोंद करतो: गाणं, पट्टी, वेग, आणि आजी कुठे थांबल्या. गेल्या महिन्यात त्या तिसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला थांबल्या होत्या. पांढरी सहाचं ते गाणं या गुरुवारी पांढरी पाचमध्ये घेणार आहोत. दायाँ हलवायला नको.