मात्र, परंतु, खेरीज : वकिली कागद आणि वाचनाचा वेग

तालुका न्यायालयात वकिली सुरू केली त्या वर्षी मी जलद वाचनाच्या एका दोन दिवसांच्या वर्गाला गेलो होतो. ओळीखालून बोट सरकवायचे, डोळे त्या बोटामागे न्यायचे, मनातल्या मनात शब्द उच्चारायचे नाहीत आणि मागे फिरून एकही ओळ पुन्हा वाचायची नाही, असे चार नियम तेथे शिकवले गेले. सराव केल्यास मिनिटाला हजार शब्द वाचता येतील, असेही सांगण्यात आले. टेबलावर रोज फायलींचा ढीग पडणाऱ्या नव्या वकिलाला यापेक्षा मोहक आश्वासन दुसरे कोणते असणार? मी महिनाभर मनापासून सराव केला आणि माझा वेग खरोखरच वाढला, असे मला वाटू लागले.

पुढे ज्यांच्या हाताखाली मी काम शिकत होतो त्या ज्येष्ठ वकिलांनी एका शेतजमिनीच्या कागदांचा गठ्ठा माझ्याकडे दिला. त्यात गेल्या तीस वर्षांचे सातबारा उतारे, फेरफार म्हणजे हक्कांतील बदलांच्या नोंदी, दोन खरेदीखते आणि तीन भावांमधले एक नोंदणीकृत वाटणीपत्र होते. आमचे पक्षकार ती जमीन विकत घेणार होते आणि विसार, म्हणजे व्यवहार पक्का करण्याची आगाऊ रक्कम, द्यायला दोन दिवस उरले होते. मी बोट फिरवत तासाभरात सगळे कागद संपवले आणि जमीन निर्वेध व बोजारहित असल्याचा मसुदा सरांपुढे ठेवला. सरांनी वाटणीपत्राचे तिसरे पान उघडले आणि एका वाक्यावर पेन्सिल टेकवली. ते वाक्य चौदा ओळींचे होते. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, पश्चिमेकडील वहिवाटीचा रस्ता, बांधावरची झाडे असे सगळे सामान्य तपशील त्यात एकामागून एक आले होते, म्हणून मी ते अर्ध्यावर सोडून पुढच्या परिच्छेदाकडे गेलो होतो. वाक्याचा शेवट असा होता, की कोणत्याही भावाने आपल्या हिश्श्याची जमीन अन्य भावांना प्रथम विचारल्याखेरीज त्रयस्थास विकावयाची नाही. आमचे पक्षकार त्रयस्थ होते आणि अन्य भावांना कोणी विचारलेले नव्हते. "वाक्य संपेपर्यंत थांबला असतास तर दिसलं असतं," एवढेच सर म्हणाले. व्यवहार थांबला, दोन्ही भावांची लेखी संमती घेण्यात आली आणि नुकसान टळले. ते पान मात्र मी आजही विसरलेलो नाही.

त्या दिवसापासून वाचनाच्या वेगाचा मी गंभीरपणे विचार करू लागलो. वेगाने वाचणे चूक आहे, असा माझा निष्कर्ष नाही. माझ्या व्यवसायात वेगाने वाचता आले नाही तर काम उभेच राहणार नाही. प्रश्न एवढाच आहे, की कागद हातात घेण्यापूर्वी त्यातून आपल्याला काय हवे आहे, हे ठरले आहे की नाही. ते ठरले असेल तर वेग आपोआप येतो, आणि ठरले नसेल तर बोट कितीही झपाट्याने फिरवले तरी केवळ पाने उलटली जातात.

आधी डोळ्यांविषयी थोडेसे सांगतो, कारण वर्गात दिलेली आश्वासने तेथेच अडतात. वाचताना डोळे ओळीवरून सलग सरकत नाहीत, ते उड्या मारत जातात, हे निरीक्षण फ्रेंच नेत्रतज्ज्ञ एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नोंदवले गेले. प्रत्येक उडीनंतर डोळा सुमारे पाव सेकंद स्थिरावतो आणि मजकूर त्या स्थिर क्षणीच टिपला जातो. दृष्टीचा अगदी मध्यावरचा लहानसा भागच अक्षरे स्पष्ट पाहू शकतो, त्यामुळे संपूर्ण ओळ किंवा संपूर्ण पान एका नजरेत वाचणे डोळ्यांच्या रचनेतच बसत नाही. बेल्जियन मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ साली १९० अभ्यासांचे आकडे एकत्र केले, तेव्हा इंग्रजी कथेतर मजकूर मनात वाचण्याचा प्रौढांचा सरासरी वेग मिनिटाला २३८ शब्द आणि कथात्मक मजकुराचा २६० शब्द आला. अमेरिकेत इव्हलिन वुड यांनी १९५९ साली जलद वाचनाचे जे प्रसिद्ध वर्ग सुरू केले, त्यांचे दावे याच्या कितीतरी पटींनी मोठे होते आणि पानावरून हात फिरवण्याची पद्धतही तेथूनच जगभर गेली. हात फिरवल्याने लक्ष भरकटत नाही, हा फायदा खरा आहे. मात्र मनातला आवाज दाबून टाकणे आणि मागे फिरून पाहण्यास बंदी घालणे, हे दोन नियम मी सोडून दिले. अवघड वाक्य समजते ते त्या आवाजाच्या आधारानेच, आणि डोळा मागे जातो तो बहुधा अर्थ निसटल्याची जाणीव झाल्यामुळेच.

मराठी वाचणाऱ्यासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे आणि तिच्याविषयी मला अधिक सविस्तर लिहायचे आहे. इंग्रजी मजकूर चाळण्याचा नेहमीचा सल्ला असा, की प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य आणि प्रत्येक वाक्याचा आरंभ पाहावा. इंग्रजीत कर्त्यापाठोपाठ क्रियापद येते आणि नकारही तेथेच येतो, त्यामुळे वाक्याची दिशा लवकर कळते. मराठीत क्रियापद शेवटी बसते आणि नकार त्याच्याही शेवटी. "सदर मिळकत लिहून देणार यांनी यापूर्वी कोणासही गहाण, दान, बक्षीस, विक्री वा अन्य प्रकारे हस्तांतरित केलेली" इथपर्यंत वाचले तरी पुढे "आहे" येणार की "नाही" येणार, हे कळत नाही. म्हणून मराठी दस्तऐवज चाळताना नजर वाक्याच्या आरंभावर टाकण्याऐवजी पूर्णविरामाच्या अलीकडच्या तीन-चार शब्दांवर टाकावी, ही माझी पद्धत आहे. आधी सगळ्या वाक्यांची शेपटे पाहून घ्यायची, आणि ज्या शेपटात नकार, बंधन किंवा मुदत दिसेल ते वाक्य आरंभापासून सावकाश वाचायचे. याच्या जोडीला काही शब्द असे आहेत, की ते दिसताच थांबलेच पाहिजे : मात्र, परंतु, तथापि, खेरीज, वगळून, अधीन राहून, पावेतो. देण्याच्या बाजूचे सगळे शब्द यांच्या आधी असतात आणि काढून घेण्याच्या बाजूचे सगळे नंतर. माझ्या त्या चौदा ओळींच्या वाक्यात "मात्र" आणि "खेरीज" हे दोन्ही शब्द होते.

मराठी शब्दांना प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये चिकटत असल्यामुळे इंग्रजीतले मिनिटाला इतके शब्द हे मापही आपल्याकडे जसेच्या तसे लावता येत नाही. "घरासमोरच्या" हा आपला एक शब्द, तर इंग्रजीत त्यासाठी चार-पाच शब्द लागतात. त्यामुळे मराठीत आपला आकडा कमी आला म्हणून कोणी स्वतःला मंद वाचक समजू नये.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. माझे सर्वांत वेगवान वाचन सातबाऱ्याचे असते. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा हा उतारा साच्यात बांधलेला असल्यामुळे कोणती माहिती कोठे असणार हे आधीच ठाऊक असते, आणि शोधवाचनासाठी यापेक्षा उत्तम कागद नाही. गट क्रमांक आणि क्षेत्र पाहायचे, मग भूधारणा पद्धती पाहायची, कारण भोगवटादार वर्ग २, म्हणजे हस्तांतरणावर निर्बंध असलेली जमीन, असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीचा प्रश्न लगेच उभा राहतो. मग नावे आणि त्यांच्यासमोरचे फेरफार क्रमांक. जुन्या हस्तलिखित उताऱ्यांवर कंस केलेले नाव म्हणजे कमी झालेले नाव, त्यामुळे कंसांकडे नजर जायलाच हवी. शेवटी इतर हक्कांचा रकाना, ज्यात बँकेचा बोजा, कुळाची नोंद किंवा कुळकायद्याच्या कलम ४३ चे, म्हणजे कुळाला मिळालेली जमीन विकण्यावरचे, बंधन असू शकते. हे सगळे दोन मिनिटांत होते. ती दोन मिनिटे मात्र अनेक वर्षे उतारे पाहिल्यामुळे मिळालेली आहेत. नवख्या माणसाने तोच उतारा दोन मिनिटांत संपवला, तर त्याने फक्त नावे वाचलेली असतात. ओळखीच्या विषयातला वाचक जलद वाचतो, कारण पुढे काय येणार याचा अंदाज त्याला आधीच बांधता येतो. म्हणूनच मला वाटते, की वेग वाढवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे त्या विषयातले अधिकाधिक वाचणे.

न्यायालयाचा निकाल वाचण्याची रीत वेगळी. दिवाणी न्यायालयाच्या निकालपत्रात मुद्दे आणि निष्कर्ष यांचे दोन रकाने समोरासमोर असतात आणि प्रत्येक मुद्द्यापुढे होकारार्थी किंवा नकारार्थी असे लिहिलेले असते. मी पहिल्या पानावरून पक्षकार आणि तारीख घेतो, थेट शेवटचा आदेश वाचतो, मग त्या दोन रकान्यांवर येतो, आणि ज्या मुद्द्यावर निर्णय आमच्या विरुद्ध फिरला असेल तेवढ्याच मुद्द्याची कारणमीमांसा शब्दन् शब्द वाचतो. चाळीस पानांच्या निकालातली सहा पाने अशी सावकाश वाचली आणि उरलेली चाळली, तर दुसऱ्या दिवशी अपिलाचा मसुदा सुरू करता येतो. येथे एक धोका आहे आणि त्यात हुशार कनिष्ठ वकीलही सापडतात. निकालपत्रात न्यायालय आधी दोन्ही बाजूंचे म्हणणे नोंदवते. चाळताना एखादे ठाशीव वाक्य डोळ्यांत भरते आणि ते न्यायालयाचे मत समजून टिपून घेतले जाते, पण प्रत्यक्षात ते हरलेल्या बाजूच्या वकिलांचे म्हणणे असते. म्हणून आवडलेले वाक्य टिपण्यापूर्वी त्या परिच्छेदाच्या आरंभी जाऊन बोलणारा कोण आहे हे पाहावे. निर्णयसंग्रहात निकालाच्या डोक्यावर छापलेला सारांशही संपादकांचा असतो. तो वाट दाखवतो, पण त्याचा आधार म्हणून उल्लेख करता येत नाही.

ज्याला वाचनाचे वेगवेगळे वेग एकाच ठिकाणी समजून घ्यायचे असतील, त्याने केशवानंद भारती खटल्याचा निकाल समोर ठेवावा. २४ एप्रिल १९७३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तेरा न्यायमूर्तींनी सात विरुद्ध सहा अशा बहुमताने तो दिला, आणि त्यात अकरा स्वतंत्र निकालपत्रे आहेत. छापील पाने सातशेच्या आसपास भरतात. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकाच गतीने वाचत जाणाऱ्याला मध्यावर पोहोचेपर्यंत कोण कोणत्या बाजूला आहे याचेच भान राहत नाही. मी विद्यार्थी असताना ही चूक केली आणि दोन आठवडे घालवले. नंतर उमगले, की आधी प्रत्येक निकालपत्राचा शेवटचा भाग वाचून कोणाचा कौल कोठे पडला याची एका कागदावर मांडणी करावी, त्यावरून न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांच्या मताने पारडे फिरले हे लक्षात घ्यावे, आणि मग त्यांचे निकालपत्र सर्वांत सावकाश, समासात टिपणे करीत वाचावे. संविधानाची मूळ संरचना संसदेला बदलता येत नाही, हा या निकालातला मूळ संरचनेचा सिद्धांत ज्याला खरोखर समजून घ्यायचा आहे, त्याच्यासाठी तेथे कोणतीही जलद पद्धत नाही.

माझा भाचा राज्यसेवेच्या परीक्षेची तयारी करतो. पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरात १२० मिनिटांत ८० प्रश्न असतात आणि त्यातले बहुतांश उताऱ्यांवरचे असतात. "मामा, आधी प्रश्न वाचू की उतारा?" असे त्याने विचारले. मी त्याला सांगितले, की प्रश्न आधी वाचावेत, पण पर्याय वाचू नयेत, कारण तीन चुकीचे पर्याय डोक्यात घेऊन उतारा वाचला, तर उताऱ्यात नसलेल्या गोष्टी दिसू लागतात. तपशिलाच्या प्रश्नांना ही रीत चांगली उपयोगी पडते. संपूर्ण उताऱ्याचा आशय विचारणाऱ्या प्रश्नासाठी मात्र उतारा एकदा सलग वाचल्यावाचून गत्यंतर नाही.

माझी आई हे सगळे कोणत्याही वर्गाविना जाणते. श्रावणात ती ज्ञानेश्वरीचे सात दिवसांचे पारायण करते. सुमारे नऊ हजार ओव्या म्हणजे दिवसाला जवळजवळ तेराशे ओव्या होतात आणि त्या एका ठरावीक लयीत, न थांबता वाचल्या जातात. कार्तिकात तीच पोथी उघडून ती एका ओवीवर अर्धा तास बसलेली असते. पारायणात अर्थ निसटल्याची खंत तिला नसते आणि एका ओवीपाशी थांबल्यावर पाने उरल्याची घाईही नसते.

आमच्या कार्यालयातले सर्वांत संथ वाचन म्हणजे रुजुवात. नकलेवर नक्कल करणाऱ्याच्या सहीशेजारी रुजुवात घेणाऱ्याची सही असते, ती याच कामाची. नोंदणीला जाण्यापूर्वी प्रत्येक दस्त आम्ही असाच ताडून पाहतो. एकाने मसुदा मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने अंतिम प्रतीवर बोट ठेवून ऐकायचे. आपणच लिहिलेला मजकूर मनात वाचताना, जे लिहायचे होते तेच डोळ्यांना दिसते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मात्र जे लिहिले आहे ते कळते. गट क्रमांक ११९ असेल तर "एकशे एकोणीस" असे म्हणायचे नाही, "एक, एक, नऊ" असे म्हणायचे, कारण १ आणि ९ यांची गफलत येथेच होते. चतुःसीमा पूर्वेस, दक्षिणेस, पश्चिमेस, उत्तरेस अशा क्रमाने वाचायच्या आणि प्रत्येकीनंतर समोरच्याने "आहे" म्हणेपर्यंत पुढे जायचे नाही. बारा पानांच्या खरेदीखताला पाऊण तास लागतो. त्या वेळेत दूरध्वनी घेतला जात नाही आणि पक्षकार दारात उभे असले तरी त्यांना बसायला सांगितले जाते. सध्या माझ्याकडे शिकायला येणारी कनिष्ठ वकील मुलगी आता वाचण्याच्या बाजूला बसते, आणि "मात्र" हा शब्द आला की मी न सांगताही तिचा आवाज थोडा मंदावतो.