मशीन घेऊ का, असं तुम्ही विचारलंत म्हणून

"तुझ्याकडे ते केस काढायचं लेझरचं मशीन आहे ना? कसं आहे? घेऊ का?"

आजवर किती जणींनी हे विचारलं, ते मोजणं मी सोडून दिलंय. ऑफिसातल्या दोघी, खालच्या मजल्यावरच्या वहिनी, त्यांची नणंद, आणि परवा माझी भाची. ती सतरा वर्षांची आहे, आणि विचारताना तिचं बोट आपोआप वरच्या ओठावर गेलं. सगळ्यांना मी "पायाला बरं आहे" एवढं सांगून कटवते. ते खोटं नाही. पण पायासाठी कोणी आवाज खाली आणून विचारत नाही, हे मलाही कळतं आणि विचारणारीलाही.

तेव्हा एकदाच सगळं सांगते. पीसीओडी (हॉर्मोनची ती गडबड, जिने चेहऱ्यावर केस येतात), पार्लरची खुर्ची, दोरा ओढताना डोळ्यांतून येणारं पाणी, हे सोडून देते. विचारणाऱ्या सगळ्या त्या खुर्चीत बसलेल्या आहेत.

आधी "लेझर" या शब्दाचं. घरी वापरायची बहुतेक मशीनं लेझर नसतातच. ती आयपीएल, म्हणजे 'इंटेन्स पल्स्ड लाइट' असतात. लेझरचा प्रकाश एकाच तरंगलांबीचा असतो, आयपीएल म्हणजे गाळणी लावलेला, अनेक तरंगलांबींचा झगमगीत फ्लॅश. काम मात्र दोघांचं एकच. केसातलं मेलॅनिन, म्हणजे काळेपणा देणारं रंगद्रव्य, प्रकाश शोषून घेतं, तापतं, आणि ती धग मुळाला लागते. आजूबाजूचं न जाळता हव्या तेवढ्याच गोष्टीला असा प्रकाशाने चटका देता येतो, हे अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकी डॉक्टरांनी १९८३ साली मांडलं. यातली मेख अशी, की मेलॅनिन कातडीतही असतं. कातडी उजळ आणि केस काळा असेल तर प्रकाश नेमका केसाकडे जातो. कातडीच सावळी असेल तर तो वाटेतच अडतो आणि कातडी तापते. हे मी नंतर शंभर वेळा वाचलं. आधी एकदाही नाही.

आणि हो, सुरुवातीला मी वॅक्स केलेल्या पायांवर फ्लॅश मारत होते. महिनाभर. वॅक्सने केस मुळासकट उपटला गेलेला, मग धग लागणार कोणाला? रेझर फिरवून, मूळ आत ठेवून करायचं असतं. वाढत्या अवस्थेतल्या केसांवरच परिणाम होतो आणि सगळे केस एका वेळी वाढत नसतात, म्हणून काही महिने चिकाटी लागते. हे कळल्यावर पोटऱ्या खरंच सुधारल्या. पूर्ण गेले का? नाही. "कायमचे केस घालवा" असं जाहिरात म्हणते. जे मिळतं ते केस कमी होणं, आणि तेही मधूनमधून उजळणी करत राहिलात तर.

आता हनुवटी.

मशीन मावसबहिणीने दुबईहून आणलं होतं, चांगलं महागाचं. त्याला रंग तपासणारा सेन्सर होता. पोटरीवर टेकवलं की पांढरा दिवा लागायचा आणि फ्लॅश व्हायचा. हनुवटीवर टेकवलं की नारिंगी दिवा आणि फ्लॅश बंद. माझा रंग मुळात सावळा, त्यात वर्षानुवर्षं दोरा आणि चिमटा लावून हनुवटी आणखी काळवंडलेली. मी डावीकडून टेकवलं, उजवीकडून टेकवलं, चेहरा धुऊन टेकवलं. नारिंगी.

तुम्हाला हसू येईल, पण मला राग आला. त्या वर्षी घरात कांदेपोह्यांचे तीन कार्यक्रम झाले होते. तिन्हीकडून मध्यस्थामार्फत निरोप आला होता, "मुलगी छान आहे, शिकलेली आहे, पण..." त्या "पण"च्या पुढे कोणी काही बोलायचं नाही. इथे एक प्लास्टिकचं डबडं तेच बोलत होतं, आणि तेही माझ्याच बाथरूममध्ये. त्या क्षणी ते यंत्र मला चौथं स्थळ वाटलं.

मग मी ऑनलाइन दुसरं मागवलं. ३,९९९ रुपयांचं, ५ लाख फ्लॅशचं, आणि सेन्सर नसलेलं. सेन्सर नाही हा त्याचा दोष आहे असं मला वाटलंच नाही. ते नाही म्हणत नव्हतं, म्हणून ते मला आवडलं.

मे महिना होता. पुण्यात रोज दुचाकीवरून कामावर जाणं-येणं. स्कार्फ गुंडाळूनही ऊन लागत होतं आणि चेहरा आणखी रापला होता. उन्हाने रापलेल्या कातडीवर हे करू नये, आधी छोट्या जागेवर करून एक दिवस थांबावं, असं त्याच्याही कागदावर बारीक अक्षरांत छापलेलं होतं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. म्हणजे कोणी फसवलं असं म्हणायला मला जागा नाही. तरी म्हणते, सावळ्या देशात सेन्सरशिवाय असली वस्तू कोणी विकूच नये. दोन्ही म्हणते.

सांगलीला चुलत भावाचं लग्न होतं, एकोणीस दिवसांवर. खोलीतली मैत्रीण गावी गेली होती. मी हनुवटीवर रेझर फिरवला, पुसून कोरडं केलं, आणि ताकदीच्या पहिल्या पायरीवर एक फ्लॅश मारला. काहीच नाही. दुसऱ्या पायरीवर किंचित चुरचुर. मग माझ्या डोक्यात आलं, की काही जाणवत नाही म्हणजे काही होतच नाही. पाचवी पायरी लावली. डाव्या जबड्यावर तीन, उजव्यावर चार. एकूण सात. कोंबडी जाळावर धरून उरलेली पिसं जाळताना येतो ना, तसा वास आला. प्रत्येक फ्लॅशला रबर ताणून सोडल्यासारखा चटका बसत होता आणि मी मनात म्हणत होते, लागतंय, म्हणजे लागू पडतंय. पहिल्या चटक्याला थांबले असते तर एकच डाग पडला असता. सात का मारले, याचं माझ्याकडे आजही उत्तर नाही. खरं तर आहे. चार उजवीकडे मारले, कारण डावीकडे तीन मारले होते आणि दोन्ही बाजू सारख्या दिसायला हव्या होत्या.

सकाळी सात लाल चौकोन. कडा अगदी सरळ, पट्टीने आखल्यासारख्या. दोन ठिकाणी पाण्याचे फोड. आठवड्याने लाल गेलं आणि तपकिरी राहिलं, सुरीने कापून मांडलेल्या वड्यांसारखं. पुण्याचा स्कार्फ तेव्हा कामी आला. डोळे सोडून सगळं झाकलेली मुलगी बघून या शहरात कोणी काही विचारत नाही.

सांगलीला मात्र स्कार्फ सोडावाच लागला. आईने दारातच विचारलं, "हे काय?"

"तेल उडालं."

आईने हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. "तेल चौकोनी उडतं होय गं?"

पुढे काही बोलली नाही. आत गेली, कोरफडीचं पान चिरून घेऊन आली आणि गर लावत बसली. मी रडले नाही. एवढंच म्हणाले, की लग्नात फोटो काढू नका.

हळदीच्या दिवशी मावशीने वाटीभर हळद माझ्या जबड्याला थापली. "आपल्या सांगलीची आहे, डाग असा जाईल." सांगलीच्या हळदीला त्याच सुमारास, २०१८ साली, भौगोलिक मानांकन मिळालं होतं, त्यामुळे मावशीच्या आवाजात सरकारी वजन होतं. डाग गेला नाही. पण त्या दिवसाचे फोटो माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले आहेत. त्यात सगळ्याच पिवळ्या आहेत.

डॉक्टरकडे गेले ती आणखी दोन महिन्यांनी. मध्ये शेजारणीने दिलेली गोरेपणाची ट्यूब पंधरा दिवस चोळली. तिच्यात स्टिरॉइड होतं, हे डॉक्टरांनी ट्यूब बघून सांगितलं. त्या रागावल्या त्या एवढ्याच गोष्टीवर. बाकी शांतपणे विचारलं, "आधीच्या मशीनने नाही म्हटलं होतं ना?"

"हो."

"मग?"

या "मग?"चं उत्तर मी बरीच वर्षं शोधतेय.

त्यांनी सहा चौकोनांचा तक्ता दाखवला. फिट्झपॅट्रिक नावाच्या डॉक्टरांनी १९७५ साली कातडी उन्हाला कसा प्रतिसाद देते त्यावरून तो केला. सुरुवातीला त्यात चारच प्रकार होते, गोऱ्या कातडीचे. पाचवा आणि सहावा मागाहून जोडले. मी पाचवी. म्हणजे मागाहून जोडलेली. हे ऐकून जुना राग परत उसळला, पण डॉक्टरांनी तो तिथेच मोडला. म्हणाल्या, "दिव्याला तुम्ही सुंदर की कशा, हे कळत नाही. त्याला फक्त काळं कळतं. सेन्सरने तुमचा अपमान केला नव्हता. तुम्ही भाजाल, एवढंच सांगत होता."

डाग जायला चौदा महिने लागले. सनस्क्रीन, लिहून दिलेलं मलम आणि थांबणं. उजवीकडचा एक चौकोन अजून आहे. कुठे बघायचं हे माहीत असेल तर दिसतो, आणि मला माहीत आहे.

पुढे क्लिनिकमध्ये १,०६४ नॅनोमीटरच्या लेझरवर सहा बैठका घेतल्या. ती लांब तरंगलांबी कातडीतल्या मेलॅनिनमध्ये कमी अडकते, खोल जाते, म्हणून सावळ्या कातडीला त्यातल्या त्यात सुरक्षित. फरक पडला. दोन वर्षांनी अर्धा पुसला गेला, कारण हॉर्मोन काही लेझरचं ऐकत नाहीत. ते नव्या लवेचे राठ केस बनवत राहतात. शिवाय गळ्याजवळ जिथे पूर्वी काही नव्हतं तिथे केस आलेत. कमी ताकदीच्या प्रकाशाने कधी कधी केस कमी व्हायच्या ऐवजी वाढतात, चेहऱ्यावर आणि माझ्यासारख्या हॉर्मोनवाल्यांना जास्त, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते त्या रात्रीचे की वयाचे, हे सांगायला आता कोणी साक्षीदार नाही.

एकविसाव्या वर्षी मी वसतिगृहात वाद जिंकला होता, की बाईने केस काढायचेच का म्हणून. टाळ्या पडल्या होत्या. त्या रात्रीही चिमटा उशीखाली होता. ती मुलगी आज समोर आली तर म्हणेल, तू हरलीस. मी म्हणेन, तू तरी कुठे जिंकली होतीस. मग ती विचारेल, "पण मुद्दा चूक होता का?" मुद्दा चूक नव्हता. आज सकाळी मी पोटऱ्यांवर फ्लॅश मारले, दुबईवाल्या मशीनने, पांढरा दिवा बघून. मला बरं वाटतं. कोणासाठी बरं वाटतं ते विचारू नका.

भाचीला मी म्हणाले, मशीन माझ्याकडून ने, पण पायासाठी. नारिंगी दिवा लागला की ठेवून द्यायचं. दुसरं मागवायचं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि परत बोट ओठावर ठेवून म्हणाली, "आणि इथे, मावशी?" डॉक्टरांकडे जाऊ आपण दोघी, असं म्हणाले. तिचा चेहरा पडला. मीही सतरा वर्षांची असते तर पडला असता.

मागच्या रविवारी सांगलीला गेले होते. आई गॅलरीत आरसा घेऊन बसली होती, मी लहान असताना दुपारी बसायची तशीच, सगळे झोपले की. आता तिला मोतीबिंदू आहे. चिमटा माझ्या हातात देऊन म्हणाली, "तुझं ते मशीन माझ्या हनुवटीला चालेल का गं?"

नाही चालणार, म्हटलं. तुझे पांढरे झालेत, पांढरा केस त्याला दिसत नाही.

"बरं झालं," म्हणाली, आणि मान वर करून उजेडाकडे वळली. मी चार काढले. थोड्या वेळाने तिनेच बोट फिरवून सांगितलं, "अजून एक आहे बघ. बोटाला लागतोय."