बाबांचं घड्याळ

बाबांच्या घड्याळाला सेल लागत नाही. ते मनगटाच्या हालचालीवर चालतं. आत एक अर्धगोल चकती आहे; हात हलला की ती फिरते आणि स्प्रिंगला पीळ बसतो. काढून ठेवलं की साधारण ४० तासांत बंद. शेवटच्या दिवशीही ते त्यांच्या हातात होतं. म्हणजे बाबा गेले हे कळायला घड्याळाला पावणेदोन दिवस लागले. मला बरेच जास्त लागले.

पहिले काही महिने माझी अडचण व्याकरणाची होती. ‘बाबांना टीव्ही मोठ्यानेच लागतो’ असं म्हणून जायचो आणि लगेच जीभ चावून ‘लागायचा’ करायचो. क्रियापदं हळूहळू वळणावर आली. पण ‘बाबांची खोली’ या दोन शब्दांत काळच नाही. तिथे काय दुरुस्त करणार?

भेटायला येणारे ‘काळ हेच औषध’ म्हणायचे. एका मित्राने दुःखाचे पाच टप्पे पाठवले: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. मी इमानदारीत रोज तपासायचो, आज कितव्या टप्प्यावर आहोत म्हणून. राग काही येईना, तर आपलंच चुकतंय असं वाटायचं. पुढे कधीतरी वाचलं, की मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूबलर-रॉस यांनी १९६९ साली हे टप्पे मांडले ते स्वतःच्या मृत्यूला सामोरे जाणाऱ्या रुग्णांशी बोलून. मी भलत्याच वर्गात बसून हजेरी देत होतो!

त्यापेक्षा मला पटले ते मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट हे मानसशास्त्रज्ञ. त्यांनी १९९९ मध्ये मांडलं, की मागे राहिलेला माणूस हेलकावे खातो. घटकाभर फोटोसमोर, घटकाभर विजेच्या बिलात. आणि त्याला दोन्ही लागतं. हे वाचलं तेव्हा हायसं वाटलं, कारण आदल्याच दिवशी एका फालतू विनोदावर मी पोट धरून हसलो होतो आणि रात्रभर स्वतःला कोसत होतो.

घड्याळ मी फक्त रविवारी घालतो. मंगळवारी दुपारपर्यंत ते थांबतं. तारीख कायम चुकलेली असते, ती मी लावत नाही. पट्ट्यावरचं चौथं भोक वापरून वापरून लांबट झालंय. त्याच्या पुढे आणखी एक आहे, किंचित वाकडं. शेवटच्या वर्षी मनगट बारीक झालं, तेव्हा बाबांनी दाभण घेऊन ते घरीच पाडलं होतं. माझं मनगट जाड, मला दुसरं भोक पुरतं.

परवा आईने विचारलं, “किती वाजले रे?” मी हात पुढे केला. तिने वेळ पाहिलीच नाही. ते वाकडं भोक अंगठ्याने चाचपलं आणि म्हणाली, “दुकानातून नीट पाडून आणा म्हटलं होतं. ऐकतात कुठे!”