पी. डी. जेम्सची ऑफिसातली वर्षं

पी. डी. जेम्स या इंग्लिश रहस्यकथा लेखिकेबद्दल काहीही वाचायला घ्या, 'घर आणि नोकरी सांभाळून लिहिलं हो' असं कौतुक येतंच, आणि मला ते दरवेळी अपुरं वाटतं. कारण त्या नोकरीनेच तर तिला पुस्तकं दिली!

मी नाशिकमध्ये एका हॉस्पिटलच्या ऑफिसात आहे, बिलिंग, मेडिक्लेमच्या फायली, डिस्चार्जच्या वेळी नातेवाइकांची गर्दी, दिवसभर हेच, त्यामुळे तिचं पुस्तक वाचताना खुनी कोण याच्या आधी मला हे जाणवतं की या बाईला औषधाच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते ते पक्कं माहितीये.

जन्म १९२० चा, ऑक्सफर्डचा. वडील टॅक्सच्या खात्यात, पैसा बेताचा आणि मुलींनी फार शिकावं असंही त्यांना वाटायचं नाही, म्हणून सोळाव्या वर्षी शाळा सुटली. १९४१ मध्ये लग्न, नवरा डॉक्टरकीचा, दोन मुली झाल्या, आणि तो युद्धावरून आला तो मानसिक आजार घेऊनच. आजार युद्धामुळे झाला हे सरकारने मानलं नाही त्यामुळे पेन्शनही नाही. मग ही सासू-सासऱ्यांच्या आधाराने राहिली, संध्याकाळी हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनचे क्लास केले, १९४९ पासून लंडनमध्ये सरकारी हॉस्पिटलांच्या बोर्डात नोकरी धरली, नवरा दवाखान्यात आत-बाहेर, आणि पहाटे उठून ऑफिसला निघायच्या आधी लिहायचं. पहिली कादंबरी 'कव्हर हर फेस' १९६२ मध्ये आली, तेव्हा ती बेचाळिशीला टेकलेली. दोन वर्षांनी नवरा गेला.

पण मला सांगायचंय ते १९७१ च्या 'श्राउड फॉर अ नाइटिंगेल'बद्दल. मला हे गंगापूर रोडच्या एका जुन्या पुस्तकांच्या प्रदर्शनात मिळालं. नर्सिंग स्कूल आहे, कौन्सिलच्या इन्स्पेक्टर बाई आल्यात, विद्यार्थिनींनी पेशंटच्या पोटात नळी घालून फीड कसं द्यायचं ते करून दाखवायचंय, एक मुलगी पेशंट बनून पलंगावर झोपलीये, नळीतून दूध सोडतात आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ती मरते. इन्स्पेक्शनच्या दिवशी प्रत्येक जण किती ताठ असतो, कोणी कुठे उभं राहायचं हे सुद्धा कसं ठरलेलं असतं, ते तिने इतकं बरोबर पकडलंय की मला आमच्याकडे एनएबीएचची, म्हणजे हॉस्पिटलांचा दर्जा तपासणारी टीम आली होती तो दिवसच आठवला. मी आमच्या इनचार्ज सिस्टरना जेवणाच्या सुट्टीत हा प्रसंग सांगितला तर त्यांनी डबा बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "अगं, ते सगळं ठीक, पण दुधाची बाटली आदल्या रात्री कुठे ठेवलेली? आणि तिथे कोणकोण जाऊ शकत होतं?" मी म्हटलं, "सिस्टर, तुम्ही वाचाच." पुस्तकातला ॲडम डॅल्ग्लिश पण हेच विचारत फिरतो!

हा डॅल्ग्लिश म्हणजे तिचा डिटेक्टिव्ह, पोलीस अधिकारी आणि कवी. नाव तिने आपल्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंचं घेतलं. कवी पोलीस काही लोकांना खोटा वाटतो, कुसुमाग्रजांच्या गावात राहणाऱ्या मला अजिबात नाही वाटत.

१९६८ मध्ये ती परीक्षा देऊन ब्रिटनच्या गृहखात्यात गेली, तिथे पोलीस, फॉरेन्सिक, गुन्हेगारी कायदा हे सगळं रोजच्या टेबलावर, आणि मग १९७७ ला फॉरेन्सिक लॅबमधल्या खुनाची 'डेथ ऑफ ॲन एक्स्पर्ट विटनेस' आली. बघा, जिथे बसली तिथलंच लिहिलं. १९७९ ला रिटायर, पुढच्याच वर्षी 'इनोसंट ब्लड'ने खरा पैसा दिला, १९९१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहात गेली. आणि २००९ मध्ये, एकोणनव्वद वर्षांची असताना, बीबीसी रेडिओवर पाहुणी संपादक म्हणून बसली आणि बीबीसीच्याच डायरेक्टर जनरलना वरच्या साहेबांचे पगार एवढे कशाला असं शांतपणे, आकड्यांसकट विचारलं. ही सवय हॉस्पिटल बोर्डातली, मी छातीठोक सांगते. २०१४ मध्ये ती गेली.

वाचायची असेल तर 'कव्हर हर फेस'पासून नका सुरू करू, त्यात ती अजून जुन्या धाटणीच्या बंगल्यातल्या खुनात अडकलेली आहे. 'श्राउड' घ्या, आणि घरात कोणी नर्स असेल तर आधी त्यांना द्या.